उन्हाळा, परसबाग आणि थांबलेल्या वस्तू

घर आवरण्याविषयी जे सल्ले हल्ली सर्वत्र वाचायला मिळतात, ते बहुतेक लहान घरात राहणाऱ्या आणि हवी ती वस्तू हवी तेव्हा विकत आणू शकणाऱ्या माणसांसाठी लिहिलेले असतात. त्यांतला सर्वांत लोकप्रिय सल्ला असा की, जी वस्तू वर्षभरात एकदाही वापरली गेली नाही ती घराबाहेर काढावी. खेड्यातल्या घराला हा नियम लावला, तर सर्वांत आधी लांब शिडी जाईल, मग विहिरीत पडलेली बादली काढण्याचा गळ जाईल, मग वादळात छपराचा पत्रा उडालाच तर वरून टाकायची ताडपत्री जाईल. आणि ज्या दिवशी या वस्तूंची गरज पडेल, त्या दिवशी त्या मिळण्याचे ठिकाण बरेच लांब असेल. क्वचित लागणारी वस्तू निरुपयोगी असते हे गृहीतकच गावाकडे टिकत नाही.

म्हणून पसारा ओळखताना मी वस्तू किती वेळा वापरली हे पाहत नाही, तिला कोणते काम चिकटले आहे ते पाहते. अडगळीच्या खोलीत दिवा लावून जरा वेळ उभे राहिले, की तिथल्या बऱ्याचशा वस्तू नकोशा झालेल्या नसून नुसत्या थांबलेल्या आहेत हे लक्षात येते. दांडा निखळलेली कुदळ नव्या दांड्यासाठी थांबलेली असते, भोक पडलेली झारी डाग लागण्यासाठी, उरलेला रंग भिंतीच्या राहून गेलेल्या भागासाठी, आणि गुंता झालेली दोरी कोणीतरी निवांत बसून गाठी सोडवण्यासाठी. ते काम झाले तर वस्तू पुन्हा घराच्या उपयोगाची होते. ते होणारच नाही असे एकदा मान्य केले तर ती घराबाहेर जाऊ शकते. या दोहोंमधल्या अवस्थेला मी पसारा म्हणते. उन्हाळा हा तिचा निकाल लावण्याचा काळ आहे, आणि माझ्या अनुभवात हे काम परसबागेपासून वेगळे काढता येत नाही, कारण पाणी, जागा आणि अंगातली ताकद ही तिन्ही मोजकीच असताना ती कोणाला द्यायची, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो.

दिवसाची वाटणी ऊनच करून देते. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत बाग, दुपारी घरातल्या सर्वांत थंड खोलीतली आवराआवर, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर, असा क्रम एकदा बसला की त्याविरुद्ध जाण्यात काही पराक्रम नाही. भर दुपारी कुदळ चालवणाऱ्याला चक्कर आली, मळमळू लागले किंवा डोके ठणकू लागले, तर काम तिथेच सोडून सावलीत जावे, पाणी प्यावे आणि अंग ओल्या फडक्याने पुसावे. बोलण्यात विसंगती आली किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून अंग गार करीत ताबडतोब वैद्यकीय मदत मिळवावी. वाफा उद्याही तिथेच असतो.

पाणी सकाळीच द्यावे, याची कारणे साधी आहेत. त्या वेळी हवा थंड असते, वारा मंद असतो आणि दिलेल्या पाण्याची वाफ कमी होते. शिवाय पाने ओली झाली तरी ती लवकर सुकतात, त्यामुळे बुरशीला रात्रभराचा ओलावा मिळत नाही. दुपारी पाण्याचे थेंब पानांवर पडले की ते भिंगासारखे काम करून पाने जाळतात, असे मात्र सरसकट खरे नाही. 2010 मध्ये हंगेरीतील संशोधकांनी हे तपासून पाहिले, तेव्हा गुळगुळीत पानांवरच्या थेंबांमुळे पाने भाजत नाहीत असे आढळले; ज्या पानांवर मेणासारखी लव असते आणि थेंब त्या लवेवर पानापासून अधांतरी राहतो, तिथेच तशी शक्यता दिसली. म्हणजे दुपारी झाड खरोखरच तहानेने कोलमडले असेल, तर भाजण्याच्या भीतीने त्याला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवण्याचे कारण नाही. पण ते खरोखर तहानलेले आहे का, हे आधी पाहावे. दुधी, भोपळा, काकडी यांची मोठी पाने भर उन्हात मान टाकतात, कारण मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा पानांतून जाणारे पाणी त्या वेळी जास्त असते. ऊन उतरल्यावर ती आपोआप ताठ झाली, तर माती कोरडी नाही. सकाळी उठल्यावरही पाने लोंबलेलीच दिसली, तर मात्र उशीर करू नये.

रोज शिंपडलेल्या चार-दोन तांब्यांपेक्षा दोन-तीन दिवसांआड दिलेले भरपूर पाणी चांगले, हे सर्वांनी ऐकलेले असते. पण भरपूर म्हणजे किती हे क्वचितच सांगितले जाते. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभे करायला एक लिटर लागते. भाजीच्या वाफ्याला साधारण ऋतूत आठवड्याला सुमारे 25 मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर चौरस मीटरमागे 25 लिटर झाले, आणि कडक उन्हाळ्यात किंवा वालुकामय जमिनीत त्याहून बरेच जास्त. हा आकडा समोर ठेवून आपल्या टाकीत आठवड्याला किती पाणी येते ते पाहिले, की आपण किती वाफे खरोखर पोसू शकतो हे कागदावरच स्पष्ट होते. पाणी दिल्यानंतर तासाभराने खुरप्याने वीतभर खोल उकरून पाहावे. वर चिखल आणि खाली धूळ असेल, तर आपण फक्त तण पोसले.

घरातल्या पसाऱ्याचा बागेला सर्वांत मोठा उपयोग होतो तो आच्छादनासाठी. माळ्यावर साचलेले पुठ्ठे, साध्या कागदाची रद्दी, विटलेल्या तागाच्या गोण्या, झाडांखालचा पालापाचोळा, कापलेले आणि सुकवलेले गवत हे सर्व वाफ्यावर पाच ते दहा सेंटिमीटर जाडीने पसरता येते. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आणि तारेच्या पिना मात्र आधी काढाव्यात, आणि चकचकीत छपाईचा कागद वापरू नये. आच्छादनाखाली माती थंड राहते, पाण्याची वाफ कमी होते, तणाला उजेड मिळत नाही आणि गांडुळे वरच्या थरात टिकून राहतात. आधी पाणी द्यावे आणि मग आच्छादन करावे. कोरड्या मातीवर घातलेले जाड आच्छादन थोडेसे पाणी स्वतःच पिऊन टाकते. ते खोडाला चिकटू देऊ नये, नाहीतर खोड कुजते, आणि जिथे वाळवी असते तिथे घराच्या भिंतीलगत तर अजिबात घालू नये. गोण्या वर्षानुवर्षे घडी करून ठेवण्यापेक्षा त्या दोन-तीन ऋतूंत मातीत मिसळून गेलेल्या मला अधिक बऱ्या वाटतात.

फुटक्या काठाच्या मडक्यांचेही तसेच. मडके बुडाला धड असेल आणि त्याला आतून-बाहेरून झिलई किंवा रंग नसेल, तर ते गळ्यापर्यंत मातीत पुरून, पाण्याने भरून, वर झाकण ठेवावे. भाजलेल्या मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते आणि भोवतालची माती जितकी कोरडी तितके ते अधिक वेगाने झिरपते. माती ओली झाली की आपोआप मंदावते. ही रीत फार जुनी असून इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात तिचे वर्णन आढळते. वेलवर्गीय भाज्यांना ती उत्तम मानवते, कारण त्यांची मुळे मडक्याभोवती दाट जाळे करतात. क्षारयुक्त पाणी असेल, तर छिद्रे काही काळाने बुजतात. मग ते मडके खरोखरच निकामी झाले असे समजून त्याच्या खापऱ्या करून कुंड्यांच्या तळाला घालाव्यात.

बागेतही पसारा असतो, आणि तो काढताना हात अधिक अडखळतो, कारण तो हिरवा असतो. दिवस मोठे आणि गरम झाले की कोथिंबीर, पालक, मुळा ही पिके पाने वाढवणे सोडून तुऱ्याकडे वळतात. तुरा खुडून त्यांना परत पानांकडे आणता येत नाही, हे स्वीकारून बियाण्यासाठी हवी तेवढी दोन-चार झाडे राखावीत आणि बाकीची उपटावीत. टोमॅटोच्या बाबतीत धीर धरावा लागतो. दिवसाचे तापमान 32 ते 35 अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्रीचे 21 ते 24 अंशांच्या वर सतत राहिले, तर परागकण नीट काम करीत नाहीत आणि फुले गळतात. खत वाढवून याला उपाय होत नाही, उलट नत्राने नुसता पाला माजतो. फळ धरलेले असेल तर तेही 30 अंशांच्या वर नीट लाल होत नाही, कारण लाल रंग देणारे लायकोपीन त्या तापमानात फारसे तयार होत नाही. म्हणून फळावर किंचित लाली येताच ते तोडून घरात सावलीत पिकू द्यावे. फळाच्या बुडाशी काळा चट्टा पडत असेल, तर ते बहुधा पाण्याच्या अनियमितपणाचे लक्षण असते: कॅल्शियम मातीत असूनही पाण्यासोबत फळापर्यंत पोहोचलेले नसते. काकडी कडू निघते तीही पुष्कळदा अशाच ताणामुळे, कारण त्या कुळातील झाडे ताणात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये अधिक तयार करतात.

या सगळ्याचा अर्थ असा की भेंडी, चवळी, गवार, भोपळा, दोडका यांसारख्या उष्णता सोसणाऱ्या पिकांना पाणी द्यावे, टोमॅटो-मिरचीला दुपारची विरळ सावली द्यावी आणि उरलेला एखादा वाफा या ऋतूपुरता चक्क रिकामा ठेवावा. रिकाम्या वाफ्याचेही काम असते. तो ढेकळे फोडून सपाट करावा, चांगला भिजवावा आणि पारदर्शक पातळ प्लास्टिकने घट्ट झाकून कडा मातीत दाबाव्यात. चार ते सहा आठवड्यांच्या कडक उन्हात वरच्या थरातील अनेक रोगकारक बुरश्या, मुळांना लागणारे काही सूत्रकृमी (अतिसूक्ष्म जंत) आणि तणाचे पुष्कळसे बी मरते. इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी 1976 मध्ये ही पद्धत प्रयोगांसह मांडली. यासाठी काळे प्लास्टिक घेऊ नये. ते स्वतः तापते, पण पारदर्शक प्लास्टिक ऊन आत सोडून माती तापवते. लव्हाळ्यासारख्या गाठीच्या तणाला मात्र हा उपाय फारसा पुरत नाही, त्याच्यासाठी खुरपे आणि चिकाटीच लागते.

उपटलेले सगळे कंपोस्टच्या ढिगात जाते. उन्हाळ्यात ढीग कुजण्याऐवजी नुसता वाळतो, म्हणून तो सावलीत करावा आणि मूठभर माल घट्ट पिळल्यावर एखाददुसरा थेंब येईल इतका ओला ठेवावा. वाळक्या पानांसारखा कर्बयुक्त माल आणि हिरवा, शेणाचा किंवा भाजीच्या देठांचा नत्रयुक्त माल असा मेळ बसला की ढीग आतून 55 अंशांच्या वर तापतो आणि काही दिवस तसाच राहिला तर तणाचे बी मरते. आपला ढीग तितका तापत नसेल, तर बी धरलेले तण त्यात टाकू नये.

ऊन चढले की आत वळावे. आवराआवरीच्या पुस्तकी रीतीत सगळी खोली एकदम रिकामी करून वस्तूंचा ढीग समोर मांडण्याला फार महत्त्व असते. ती रीत गावच्या अडगळीच्या खोलीला लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अंगणात काढलेला ढीग उन्हात तापतो, संध्याकाळी वारा सुटतो, माणसे दमलेली असतात आणि सगळे सामान होते त्यापेक्षा वाईट रीतीने परत आत कोंबले जाते. एक कोपरा, एक फळी, फार तर एक पेटी घ्यावी, आणि ती संपल्याखेरीज दुसरीला हात लावू नये.

सुरुवात अवजारांपासून करावी, कारण त्यांचे फळ दुसऱ्याच दिवशी बागेत दिसते. खुरपी, विळे, कुदळी, फावडी एका जागी आणावीत. माती खरवडून, तारेच्या घासणीने गंज काढून पात्याला धार करावी आणि तेलाचा पातळ हात द्यावा. लाकडी दांड्याला खरखरीत कागद मारून जवसाचे तेल चोळले, की तो तडकत नाही आणि हाताला फोडही येत नाहीत. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे: जवसाचे तेल हवेशी संयोग पावून वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निघते, त्यामुळे तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. उन्हाळ्याच्या दिवसांत, गोण्या आणि कागदांच्या शेजारी, हा धोका विनोदाचा नाही. चिंध्या बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. दांडा नसलेली पाती एका बाजूला ठेवून पुढच्या आठवड्यात कोणत्या पात्याला दांडा बसणार हे ठरवावे. ज्याला बसणार नाही ते भंगारात जावे. तीन मोडक्या कुदळींपेक्षा एक धड कुदळ घराला श्रीमंत करते.

जुन्या औषधांच्या आणि कीटकनाशकांच्या बाटल्यांपाशी मात्र थांबलेल्या वस्तूंचा माझा नियम संपतो. लेबल गळून पडलेली, रंग बदललेली किंवा बुडाशी साखळलेली बाटली कशासाठी थांबली आहे हे विचारूच नये. अशा बाटल्यांत वापरावर पुढे बंदी आलेली रसायनेही असू शकतात. उदाहरणार्थ, एकेकाळी सर्रास फवारले जाणारे एंडोसल्फान हे कीटकनाशक 2011 मध्ये, दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत घातले गेले. हे द्रव मोरीत, ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नयेत, जाळू नयेत, एकमेकांत मिसळू नयेत आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीही भरू नयेत. हातमोजे घालून, बाटली उभी धरून, बंद होणाऱ्या मजबूत पेटीत ती ठेवावी, पेटीवर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहावे, मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेबाहेर कुलपात ठेवावी आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे सोपवावी. रिकामा डबा तीनदा विसळून, ते पाणी फवारणीच्या पंपात ओतून, मग त्याला भोक पाडावे, म्हणजे कोणी त्यात धान्य किंवा पाणी साठवणार नाही. फुगलेल्या किंवा गळक्या बॅटऱ्यांचेही तेच. शिसे आणि आम्ल यांना घरात जागा नाही.

त्याच फळीवर बहुधा बियाण्यांच्या पुड्या सापडतात, आणि हा माझा आवडता कोपरा आहे. हॅरिंग्टन या बियाणेशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे दोन ठोकताळे फार उपयोगी पडतात: बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी झाला किंवा साठवणीचे तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरले, की बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. अर्थात उलटही तितकेच खरे. पत्र्याखालच्या फळीवर उघड्या पुडीत राहिलेले बी एका उन्हाळ्यात म्हातारे होते. बी सावलीत खडखडीत वाळवून, हवाबंद काचेच्या बरणीत, घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. जुन्या पुड्यांचा निकाल लावण्यासाठी तारखेपेक्षा ओले फडके अधिक विश्वासू आहे. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार ठेवाव्यात. त्या पिकाला लागणाऱ्या दिवसांत सात-आठ उगवल्या तर बी चांगले, चार-पाच उगवल्या तर दाट पेरायचे, त्याहून कमी उगवल्या तर पाखरांना. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांतच ताकद गमावते. टोमॅटो आणि काकडीवर्गीय बिया नीट ठेवल्या तर चार-पाच वर्षेही साथ देतात.

धान्याच्या कोठीकडे जाण्यापूर्वी उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर केरसुणी खाली ठेवावी. कोरडे झाडले की त्यांतील रोगजंतू धुळीबरोबर नाकात जातात. आधी दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्यात, मग नाका-तोंडावर पट्टी आणि हातात मोजे घालून लेंड्यांवर जंतुनाशकाचे पाणी शिंपडावे, पाच मिनिटे थांबावे आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. उंदीर वस्तूंवर प्रेम करीत नाही, त्याला आडोसा हवा असतो. म्हणून भिंतीला टेकलेले सगळे सामान हातभर पुढे ओढावे आणि जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवावे, म्हणजे मागे उजेड पडतो आणि केर काढता येतो. सरपणाचा ढीगही तसाच घरापासून दूर आणि उंचावर रचावा, नाहीतर त्यात उंदीर येतात, आणि उंदरांमागोमाग साप.

कोठी रिकामी असेल तेव्हाच ती साफ होते. सांध्यांत अडकलेले मूठभर जुने दाणे पुढच्या साऱ्या धान्यात सोंडे पेरायला पुरेसे असतात. जुने आणि नवे धान्य एकत्र करू नये, आणि उन्हातून आणलेले धान्य गरम असताना झाकू नये, कारण थंड होताना झाकणाखाली पाणी जमते.

कपड्यांविषयी फार लिहीत नाही. लोकरीचे कपडे धुऊन, उन्हात वाळवून मगच पेटीत ठेवावेत. कसरीच्या अळीला घामाचे आणि अन्नाचे डाग आवडतात, तिचे पाखरू स्वतः कापड खात नाही. डांबरगोळ्या पेटीत चालतील, अन्नाच्या किंवा लहान मुलांच्या कपाटात नकोत.

खिडक्यांसमोर रचलेल्या पेट्या हलवल्याचा एक लाभ त्याच रात्री मिळतो. समोरासमोरच्या खिडक्या मोकळ्या झाल्या, की रात्रीची थंड हवा आरपार वाहते आणि जाड भिंती गार होतात. सकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होऊ लागताच त्या बंद करून बाहेरच्या बाजूने सावली करावी. पडदा आत लावला तर ऊन काच ओलांडून आधीच आत आलेले असते.

सर्वांत कठीण असते ते दुसऱ्यांच्या वस्तूंचे. सासूबाईंच्या पेटीला मी त्यांच्याशिवाय हात लावत नाही. ‘ह्याचं काय करायचं?’ असे विचारले की त्या ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणतात. पण ‘हे कशासाठी ठेवलं होतं?’ असे विचारले की त्या त्या वस्तूचे राहिलेले काम सांगतात, आणि सांगता सांगता कित्येकदा स्वतःच म्हणतात, ‘आता कुठे होतंय ते, दे कोणालातरी.’ जे गेलेल्या माणसाचे असते त्यात मी घाई करीत नाही. वापरता येण्याजोगी वस्तू वापरात आणावी, इतकेच मला पटते. सासऱ्यांचा विळा धार लावून रोजच्या खुंटीवर आहे, आणि त्यांच्या हिशोबाच्या वह्या कोरड्या जागी कापडात बांधून ठेवल्या आहेत. त्या वह्यांना कोणतेही काम चिकटलेले नाही. तरी त्या राहतील.

ढग दिसू लागण्यापूर्वी शेवटची फेरी घराभोवती असते. पन्हळीतला पालापाचोळा काढून, तिचे तोंड पिंपाकडे वळवावे. छपराची आडवी जागा 50 चौरस मीटर असेल तर दहा मिलिमीटर पावसात त्यावर 500 लिटर पाणी पडते, आणि त्यातले थोडे वाया गेले तरी चौरस मीटरमागे 25 लिटरच्या हिशोबाने दहा-पंधरा चौरस मीटर वाफ्यांची आठवड्याची सोय होते. पहिल्या पावसाचे धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून आणणारे पाणी बाजूला सोडावे. पिंपाच्या तोंडावर बारीक जाळी बांधावी, कारण उष्ण हवेत डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. याच कारणासाठी परसातले जुने टायर, फुटक्या बादल्या, उपडे न ठेवलेले डबे आणि करवंट्या आताच हलवाव्यात. टायर छपराखाली न्यावे किंवा त्यांना भोके पाडून त्यात माती भरावी. पाखरांसाठी ठेवलेले पसरट भांडे मात्र जागच्या जागी राहू द्यावे आणि त्यातले पाणी रोज बदलावे.